चौथ्या वाटीतलं दूध

काबरीने डॉक्टरबेनला लाथ मारली तेव्हा तिची मोरकी माझ्या मुठीत होती, म्हणजे थोडा दोष माझाही. पण खरं सांगायचं तर मी एकटाच काय, रूपावासची अख्खी डेअरी तिच्या मानेला लटकली असती तरी त्या गायीने उचलायचा तो पाय उचललाच असता. लाथ मांडीवर बसली. उर्वीबेन मागच्या मागे शेणात बसल्या आणि त्यांच्या हातातली चार वाट्यांची पांढरी थाळी उडून गव्हाणीत पडली.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. चांगलंच लागलं होतं, पण त्या पशुवैद्यकाच्या कॉलेजातून आलेल्या आणि मी डेअरीचा मंत्री, तेव्हा दोघांनीही ते मानून घेतलं. मंत्री म्हणजे सेक्रेटरी. आमच्याकडे त्याला मंत्री म्हणतात एवढंच, बाकी काम दुधात डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटर, बुडवायचं.

मोंघीकाकी खांबाला टेकून बघत होती. ती माझी लांबची काकी लागते आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. "मी आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली, "ती परक्याचा हात घेत नाही. रक्त दिलं हेच पुष्कळ समजा."

रक्त घेऊन झालं होतं. उर्वीबेननी मानेची शीर अंगठ्याने दाबली, ती फुगल्यावर सुई घातली आणि लाल बुचाची नळी भरून घेतली. काबरीने तेव्हा कानही हलवला नव्हता. तिचं सगळं भांडण कासेपाशी.

भादरवा, म्हणजे भाद्रपद, चालू होता. पावसाने दहा दिवस उघडीप दिलेली आणि ऊन असं की जमिनीतून वाफ निघायची. गोठ्यात चिखल, चिखलावर माश्या. या दिवसांत आमच्या बनासकाठच्या गावांत दरवर्षी दोन-चार गायींना दगडी होते. कास सुजते, दगडासारखी टणक होते, दुधात गुठळ्या येतात आणि बघता बघता एखादा सड कायमचा जातो. उर्वीबेन त्याचाच अभ्यास करत होत्या. त्यांना आमच्या चोवीस गायींचं रक्त हवं होतं.

मी हे डेअरीत सांगितलं तेव्हा दूध घालायला आलेल्या लासुबेनने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दूध नेता ते कमी पडलं का? आता रक्तही काढणार?"

उर्वीबेननी न चिडता समजावलं. कास आतून धुमसायला लागली की बाहेर दिसायच्या आधीच गायीचं यकृत रक्तात एक जिन्नस सोडतं. धडधाकट गायीत तो शोधूनही सापडत नाही. दुखणं वाढलं की तो वाढतो. तो पकडता आला तर सड जायच्या आधी औषध देता येईल. पण आधी खात्री करायला हवी, म्हणून रक्ताबरोबर चारही सडांचं दूधही तपासायचं. प्रत्येक सडाची एक वाटी. वर जांभळं औषध घालून थाळी हलवायची. दूध चांगलं असेल तर पातळ राहतं. कास बिघडली असेल तर भेंडीसारखी तार धरतं.

"आणा ती थाळी," मोंघीकाकी पुढे आली. "मी देते काढून."

ती काबरीच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली. उजवं अंग भिंतीला लागून होतं. ओढणी खाली घसरली, तिच्या आड हात गेले. मी तोंडाशी उभा, मला फक्त धारांचा आवाज आला. जरा वेळाने ती उठली आणि थाळी पुढे केली.

"चारही सडांचं ना, काकी?" उर्वीबेननी विचारलं.

"चार वाट्या आहेत ना? मोजून घ्या."

औषध घातलं, थाळी फिरवली. चारही वाट्या पाण्यासारख्या पातळ.

"कास उत्तम आहे," उर्वीबेननी कागदावर लिहिलं.

"असणारच," मोंघीकाकी म्हणाली.

डेअरीच्या भिंतीवर तिच्या नावाचं स्वच्छ दुधाचं प्रमाणपत्र आठ वर्षं टांगलेलं आहे. येता-जाता ती त्यावरची धूळ ओढणीने पुसते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या दिवशी आठवायला हवी होती आणि आठवली नाही. मोंघीकाकीच्या घरात मागचा उजवा सड वासराचा असतो. पान्हा सोडण्यापुरतं वासरू सगळेच लावतात, धार झाल्यावर चाटायला थोडं सगळेच ठेवतात. पण इथे एक अख्खा सड. गाय कुठलीही असो, त्या सडाला पस्तीस वर्षांत माणसाचा हात लागला नव्हता. काकीने अर्बुदामातेला मानता मानली होती, म्हणजे नवस बोलली होती, इतकंच आम्हाला ठाऊक. का मानली ते कुणी विचारलं नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यातला तिरळेपणा जसा रोज बघून दिसेनासा होतो, तसं आमचं झालं होतं.

काबरीला रोज धारेला बसायची ती तेजू, काकीची सून. काकीचा मुलगा हमीर याच्याशी तेजूचं लग्न झालं त्याला तीन वर्षं झाली. काबरी तिच्याबरोबरच माहेरून आली, तेव्हा कालवड होती. काकीचा आणि तेजूचा, दोघींचाच हात ती घ्यायची, आणि त्यातही तेजूचा जास्त आवडीने. मी नात्याने तेजूचा जेठ, म्हणजे थोरला दीर, त्यामुळे माझ्यासमोर ती ओढणी छातीपर्यंत ओढते आणि माझ्याशी बोलत नाही. तिच्याबद्दल मी जे सांगतोय ते माझ्या बायकोकडून, जीवीकडून, कळलेलं.

त्या संध्याकाळी तेजू बाजरीच्या शेतातून आली आणि धारेला बसताना तिने सासूला विचारलं, "बा, डॉक्टरबेनला वासराच्या सडाचं दिलंत?"

"दिलं."

"कोणी काढलं?"

"दिलं म्हणजे दिलं. चुलीवर रोटला करपतोय बघ."

तेजू उठून रोटला बघून आली. तीन सडांची धार काढली आणि वासरू सोडलं. मिठी नावाची दोन महिन्यांची पाडी होती. ती शेपटी वर करून आपल्या सडाला लागली.

दहाव्या दिवशी उर्वीबेनचा फोन आला. सकाळची वेळ, डेअरीपुढे वीस-पंचवीस बायका कॅन घेऊन रांगेत. फोन नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मी ओरडत होतो. माझा आवाज मुळातच मोठा, त्यात मंत्रीपद.

"कोण? काबरी? रक्तात जास्त? सगळ्यांत जास्त?" मी दर वेळी त्यांचं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवत होतो. "चोवीसांत एक नंबर?"

फोन ठेवला तेव्हा अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी खुर्चीतून उठून सांगितलं, "मोंघीकाकी, तुमच्या काबरीचं रक्त खराब निघालंय. दूध चांगलं आहे म्हणतायत, पण रक्तात खोट आहे. खूर बघा, गर्भाशय बघा, काही भलतंसलतं खाल्लंय का बघा म्हणाल्या."

"रक्त बिघडलंय?" लासुबेनने मागून विचारलं. "गायीचं की गायवालीचं?"

बायका हसल्या. मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

मोंघीकाकी कॅनचं झाकण हातात घेऊन उभी होती. तिची नजर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे गेली. "माझी कुठली गाय?" ती म्हणाली. "सुनेच्या माहेरची आहे. खोट असेल तर तिकडची."

तेजू तिच्या मागेच दुसरा कॅन घेऊन उभी होती. मला ओढणीच दिसत होती, तोंड नाही. कॅन तिने या हातातून त्या हातात घेतला. बस, तेवढंच.

घरी गेल्यावर काकीने गव्हाण उपसली. तळाशी एरंडाचं एक सुकलेलं पान निघालं. आमच्याकडे बांधाबांधाला एरंड आहे. गवत कापताना एखादं पान पेंढीत येतं, आणि एरंड जनावराला वाईट, हे लहान पोरही सांगेल.

"हे काय?" काकीने पान तेजूच्या पायाशी टाकलं.

तेजूने वाकून पान उचललं.

"डोळे कुठे असतात गवत कापताना? माहेरच्या वाटेवर?"

हमीर जेवायला बसला होता. "बा, एका पानाने एवढं..."

"तू खा." काकीने खुंटीवरची बादली काढून स्वतःजवळ ठेवली. "उद्यापासून धारेला मी बसेन. तू शेण बघ."

त्या घरात सुनेच्या हातून बादली काढून घेणं म्हणजे काय, ते जीवीने मला दोन शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "घरातून काढली असती तर बरं."

त्यानंतरचे दिवस बाजरी काढणीचे होते. हमीर आणि तेजू उजाडता शेतात जायचे. कणसं कापून खळ्यावर टाकायची, ताटं उपटून पेंढ्या बांधायच्या. दुपारी तेजू डोक्यावर गवताचा भारा घेऊन घरी यायची, तो अंगणात सोडायची आणि काडी न काडी वेगळी करून बघायची. एरंडाचं पान तर नाहीच, एरंडाची सावली पडलेलं गवतही तिने बाजूला टाकलं असेल. बोटं पात्यांनी चिरली होती, त्यात घाम उतरायचा. मग शेणाची पाटी. काबरी दाव्याला ताण देऊन तिच्याकडे तोंड करायची आणि हंबरायची. तेजू तिच्या पाठीवरून हातही फिरवत नव्हती. तशी परवानगी नव्हती आणि तिने मागितलीही नाही.

मोंघीकाकी धारेला बसायची. वय साठीच्या पुढे, दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेले. तेजू ज्या तीन सडांची धार पाव तासात काढायची, त्यांना काकीला पाऊण तास लागायचा. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. धार थांबायची, पुन्हा लागायची, पुन्हा थांबायची. दूध घटत चाललं होतं. मी डेअरीत माप घेताना आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायचो. एवढी अक्कल तोपर्यंत आली होती.

मिठीला हगवण लागली. शेपटी मागून भरलेली, केस उभे. काकीने ओवा उकळून पाजला, ताक पाजलं. तरी पाडी वाळत चालली. आणि एक नवीनच झालं. मिठी सडाला लागली की काबरी पाय उचलायला लागली. परक्याला लाथ मारणारी ती गाय, पण स्वतःच्या वासराला तिने कधी पाय दाखवला नव्हता.

काकीने तिच्या पाठीत चापट मारली. "पोरीला पाजताना लाथ? लाज नाही?"

तेजू शेणाची पाटी उचलत होती. तिथून तिला भिंतीकडची बाजू दिसत होती. वासराच्या सडाच्या वरची कास ताणलेली, चकाकणारी.

"बा," ती म्हणाली, "त्या अंगाची कास जरा..."

"तिकडे बघायचं नाही."

"सुजल्यासारखी वाटते, म्हणून..."

"जिथे माणसाचा हातच लागला नाही तिथे रोग कुठून येणार?" काकी म्हणाली. "रोग आपल्या हातांना असतो. चल, उकिरड्यावर टाकून ये ते."

काकी हे मनापासून बोलत होती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि तिथेच सगळं फसलं होतं.

तेजूने नंतर जीवीला सांगितलं की काकी डेअरीत गेलेली असताना दोनदा तिने त्या सडाकडे हात नेला होता. दोन्ही वेळा बोटं टेकायच्या आधी तिने मागे घेतली.

"का गं?" जीवीने विचारलं.

"मानता माझी नव्हती," तेजू म्हणाली.

त्या फोननंतर पंधरा दिवसांनी उर्वीबेन पुन्हा आल्या. काबरीपुढची वैरण तशीच पडलेली, कान लोंबलेले. मी मोरकी धरली तर तोंड हाताला गरम लागलं. उर्वीबेननी ताप बघितला, रक्त घेतलं, आणि नळी पेटीत बर्फात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"वीरमभाई, ही गाय मला कळत नाही. आमचे सर म्हणतात, रक्ताची तपासणी चुकली असेल, या गायीचं नाव यादीतून काढून टाक. मी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तेच."

"आणा थाळी," मोंघीकाकी म्हणाली.

उर्वीबेननी थाळी दिली, पण त्यांचं लक्ष मिठीकडे गेलं. पाडी खुंट्याशी पाय दुमडून बसली होती. त्या तिच्यापाशी वाकल्या. पाडीच्या ओठांवर पिवळट खपली धरलेली. त्यांनी ती बोटाने खरवडली, दोन बोटांत चोळली, वास घेतला. मग शेणाची पाटी घेऊन उभ्या असलेल्या तेजूला विचारलं, "ही कुठल्या सडाला पिते?"

मी तिथे होतो म्हणून तेजूने ओढणी आणखी खाली ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "मागच्या उजव्या."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या नाही. तो एकच तिचा. त्याला आम्ही हात लावत नाही."

उर्वीबेन सरळ उभ्या राहिल्या. "मग त्या दिवशी चौथ्या वाटीत दूध कुठलं होतं?"

आणि मग मला आठवलं. ओढणीआडचे हात, भिंतीला लागलेलं उजवं अंग, चार वाट्या आहेत ना, मोजून घ्या. माझ्या हातातली मोरकी सैल झाली. मी मोंघीकाकीकडे बघितलं, काकी थाळीकडे बघत होती.

तेजूला सगळं कळलं होतं. ओढणीतूनही ते कळत होतं. पंधरा दिवसांचं शेण, चिरलेली बोटं, भर रांगेत निघालेलं माहेरचं नाव, या सगळ्याचा सूड एका वाक्यात उगवता आला असता. तिने पाटी खाली ठेवली.

"मी शेतात होते," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही."

हमीर दारात येऊन उभा राहिला होता.

"तीन सडांचं," मोंघीकाकी म्हणाली. "तीन सडांचं चार वाट्यांत केलं. पुढच्या डाव्याचं दोनदा काढलं."

उर्वीबेन पालथ्या घमेल्यावर बसल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील. मी असतो तर ओरडलो असतो.

"काकी," त्या म्हणाल्या, "दुधात तुम्ही वाटणी केलीत. रक्तात वाटणी होत नाही हो. ते सगळ्या गायीचं एकच असतं. तीन सड चांगले होते, ते बादलीत आले. चौथा बिघडला, तो या पाडीच्या पोटात गेला. रक्त तेवढं खरं सांगत होतं, आणि आम्ही त्यालाच खोटं पाडायला निघालो होतो."

काकीने थाळी छातीशी धरली होती. ती कोणाकडेही न बघता बोलायला लागली.

"दुष्काळ होता. माझा रत्नो दोन वर्षांचा. घरात दाणा नाही, माझ्या अंगावर दूध नाही. गाय शेरभर द्यायची. मी चारही सड पिळून काढायचे आणि त्याला पाजायचे. वासराला सोडलंच नाही. ते ओरडायचं, मी आत जाऊन दार लावून घ्यायचे. एक दिवस ओरडायचं थांबलं. बांधल्या जागी मेलं. त्याच्या नवव्या दिवशी माझा रत्नो गेला." तिने थाळी आणखी जवळ ओढली. "हमीर तेव्हा पोटात होता. मी मातेला म्हटलं, याला ठेव. वासराच्या सडाला या घरात पुन्हा हात लागणार नाही."

हमीरला भाऊ गेल्याचं माहीत होतं. वासराचं माहीत नव्हतं. तो चौकटीला धरून उभा राहिला.

मला आठवतं ते वर्ष. मी बारा वर्षांचा होतो आणि ते वासरू ओढून नेणाऱ्यांच्या मागे गेलो होतो. इतकी वर्षं एका भिंतीला राहून मी काकीला कधी विचारलं नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

"आत्ताच्या आत्ता तो सड रिकामा करायला हवा," उर्वीबेन म्हणाल्या. "नाहीतर सड जाईल, आणि ताप असाच चढला तर गायही. पाडीला त्याच्यापाशी नेऊ नका. मी काढेन म्हटलं असतं, पण ती मला हात लावू देणार नाही."

तेजूने हात ओढणीला पुसले आणि एक पाऊल पुढे आली.

"थांब," मोंघीकाकी म्हणाली. "मानता माझी आहे. मोडायची तर मीच मोडेन."

मी काबरीला भिंतीपासून फिरवून घेतलं. काकीने कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावर ओढणी नीट घेतली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गायीच्या उजव्या अंगाला बसली. ओठ हलले. मी तोंडाशी होतो तरी एवढं ऐकू आलं, "माते, हेही वासरासाठीच."

तिने सड धरला. काबरीने पाय उचलला, हवेत धरला, सगळं अंग थरथरलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाय खाली टेकलेला होता.

आधी पिवळं पाणी आलं, मग दह्यासारख्या गुठळ्या. वास असा की हमीर बाहेर गेला. उर्वीबेननी थाळीतली चौथी वाटी खाली धरली. जांभळं औषध पडताच सगळं घट्ट झालं, वाटी उलटी केली तरी हलेना. काकी काढत राहिली. दर धारेला तिचा खालचा ओठ दाताखाली जायचा. अंगठे थांबले, तिने हात झटकले, पुन्हा धरलं, पुन्हा थांबले.

"तेजू," ती म्हणाली. त्या पंधरा दिवसांत तिने सुनेला नावाने हाक मारली नव्हती. "ये, बस. माझ्या हातात जोर नाही राहिला."

"बा, पण तुमची..."

"लाव हात. आता तिथे वासराचं काही उरलं नाही."

तेजू बसली. काबरीने मान वळवून बघितलं आणि माझ्या हातावर जोरात श्वास सोडला. काकी उठली नाही. जवळच चिखलात बसून राहिली आणि सुनेच्या चिरलेल्या बोटांकडे बघत राहिली.

शिरेतून औषध दिलं, सडात औषधाची नळी दिली. पुढचे पाच दिवस दर दोन-तीन तासांनी तेजू तो सड रिकामा करायची आणि ते खड्ड्यात पुरायची. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही उर्वीबेननी सांगितले तेवढे दिवस काबरीचं दूध डेअरीत चालणार नव्हतं. मला ते सांगायचं धाडस होईना. काकी स्वतःच रिकाम्या हाताने रांगेत येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या गायीला दगडी झालीय. माझ्याच चुकीने. दूध बंद लिही."

त्या संध्याकाळी लासुबेन लोटा घेऊन तिच्या दारात आली. "पाडीला पाज," ती म्हणाली. "फक्त दूधच आहे हो, रक्त नाही काढलेलं."

"तुझी जीभ झडो," काकी म्हणाली आणि लोटा घेतला. मिठी महिनाभर लासुबेनच्या गायीच्या दुधावर बाटलीने वाढली.

काबरी वाचली. सड वाचला नाही. हळूहळू तो आटत गेला, कासेचा तो कोपरा आत ओढला गेला. बादली तेजूकडे परत आली. त्याचं कुणी काही बोललं नाही, एका सकाळी काकीने ती तिच्या हाताशी ठेवून दिली इतकंच. काबरीचं दूध सुरू झाल्यावर तेजूने स्वतःहून एक रीत लावली. धार झाली की कॅनमध्ये ओतायच्या आधी बादलीतला चौथा हिस्सा पाडीच्या पातेल्यात. पहिल्या दिवशी काकी ते बघत होती. पातेलं भरल्यावर ती म्हणाली, "आणखी थोडं घाल." आणि आत गेली.

उर्वीबेनच्या कागदावर आता एक नवीन रकाना आहे. वासरू कुठल्या सडाला पितं? आजूबाजूच्या गावांतल्या बायका त्यावर हसतात. हसू देत.

दिवाळी झाल्यावर तिसऱ्यांदा रक्त गेलं. फोन आला तो पुन्हा सकाळीच, रांग उभी असताना. या वेळी मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो, दोनदा नीट विचारून घेतलं आणि बाहेर येऊन मोंघीकाकीच्या कानाशी वाकलो.

"कुजबुजतोस काय?" काकी म्हणाली. "त्या दिवशी घसा फाडत होतास. आज काय झालं घशाला? ओरड."

मी खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो. "मोंघीकाकीच्या काबरीचं रक्त..."

"माझ्या नाही," काकी म्हणाली. "तेजूच्या म्हण."

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. लासुबेनसुद्धा.

"तेजूच्या काबरीचं रक्त साफ आहे!" मी ओरडलो. रस्त्यापलीकडच्या घरांतही ऐकू गेलं असेल, आणि ते जाऊ दे म्हणूनच मी तसा ओरडलो होतो.

मोंघीकाकीने सुनेच्या कॅनचं झाकण काढलं आणि ते हातात धरून बाजूला उभी राहिली. तेजूने कॅन माझ्यापुढे सरकवला. तिची ओढणी छातीपर्यंत होती, तोंड दिसत नव्हतं.

"बा," ती आतून म्हणाली, "त्यांना म्हणावं माप घ्या. रांग खोळंबलीय."

मी माप घेतलं.